‘शून्य’ न लिहिणारी

संघमित्रानं माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर घालवली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी तिच्याबद्दल जे चांगलं बोलणार आहे ते वाचून कुणाला वाटायचं की मी झालं गेलं विसरलोय. मी विसरलेलो नाही. माझा तो स्वभावही नाही.

माझा धंदा गच्चीवर सोलर बसवायचा. गाव चाकणजवळ. भोसरीत दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग केलं, मग स्वतःचं मशीन घेतलं, मग पॅनेलखालचे स्टँड बनवता बनवता पॅनेलच बसवू लागलो. शिक्षण दहावी नापास. घासाघीस मात्र अशी, की नट-बोल्टच्या एका दुकानदारानं मला लांबून पाहून शटर ओढून घेतलेलं आहे. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, पण लिहायला बसलो की हात जड होतो. म्हणून पॅनेलवाल्या कंपनीचं इंग्रजी पत्रक मी मोबाइलकडून मराठीत करून घेतलं आणि चऱ्होलीतल्या नव्या इमारतींमध्ये वाटलं. मोबाइलनं ‘प्लांट’चं ‘वनस्पती’ केलं होतं. ‘आपल्या छतावर सौर वनस्पती लावा.’ दुसऱ्या दिवशी एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला.

"आमच्याकडे मोठ्या कुंड्या आहेत. त्यात चालेल का? आणि खत कुठलं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी दोन शब्द जास्त बोललो. ते खरंच विचारत होते.

त्यानंतर माझ्या सीएच्या ऑफिसातल्या बाईंनी मला एक जाहिरात लिहून दिली आणि ती कॉलेजांच्या ग्रुपवर टाकली: ‘स्वच्छ ऊर्जा जनसंपर्क. अर्धवेळ. घरून काम. विद्यार्थ्यांना प्राधान्य.’ विद्यार्थी म्हणजे स्वस्तात पडेल, एवढाच माझा हिशोब. पहिला फोन तिचा आला.

"जाहिरातीत ‘स्वच्छ ऊर्जा जनसंपर्क’ लिहिलंय. म्हणजे काय?"

"म्हणजे लोकांना सांगायचं, सोलर लय भारी आहे."

"आणि जिथं भारी नसेल तिथं?"

"कुठं नसतं?"

"सावलीत," ती म्हणाली.

मी नाव विचारलं. संघमित्रा. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, राहायला थेरगावात, डांगे चौकाच्या मागं. मी म्हटलं, "एवढं लांब नाव कोण घेणार? मित्रा म्हणतो." ती म्हणाली, "चार तर अक्षरं आहेत सर. अख्खं घ्या." त्या दिवसापासून मी अख्खं घेतो. माझ्या बायकोचंही नाव मी अख्खं घेत नाही.

पगाराचा आकडा मी मुद्दाम कमी सांगितला. घासाघीस होईल, मग वाढवू. ती लगेच ‘ठीक आहे’ म्हणाली. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. जो माणूस पैशावर घासत नाही त्याच्याशी सौदा करू नये. त्याला वेगळंच काहीतरी हवं असतं. तिला एकच अट हवी होती. "मी लिहिलेल्या मजकुरातला शब्द मला विचारल्याशिवाय कुणी बदलायचा नाही." मी मनातल्या मनात हसलो. शब्दाला काय वजन असतं? मी तर वजनावर लोखंड घेणारा माणूस. म्हटलं, "जा, दिला शब्द."

पुढचे सात-आठ महिने मी तिला पाहिलं नाही. कॉलेजवरून आली की चार ते सात ती माझ्यासाठी काम करायची, फोन आणि लॅपटॉपवर. कॅमेरा कायम बंद. "घरात एकच खोली आहे सर, मागं सगळ्यांचं सगळं चालू असतं," असं तिनं एकदा सांगितलं होतं. मला ते मागचं सगळं ऐकू यायचं. कुकर, शेजारच्या बायका आणि एक टीव्ही, जो इतका मोठ्यानं लागलेला असायचा की बातम्या मलाही कळायच्या.

तिचं हत्यार एकच. "म्हणजे काय?"

आमच्या धंद्यात अर्धे शब्द इंग्रजी आणि उरलेले सरकारी. मी बोलायला लागलो की ती मधेच धरायची. नेट मीटरिंग म्हणजे काय? मी सांगायचो, "दिवसा तुमची जास्तीची वीज लाइनीत जाते, संध्याकाळी तुम्ही लाइनीतली घेता, मीटर दोन्ही मोजतो आणि फरकाचं बिल येतं." ती म्हणायची, "मग असंच लिहिते. हेच बरं आहे." एकदा मी ऐटीत ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणालो तर तिनं विचारलं, "म्हणजे काय सर? आमच्या घरात आता येते ती काय घाण आहे?" मी कोळसा, धूर, राख वगैरे सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे फ्लॅटमधल्या बायकांना सांगून उपयोग नाही. त्यांच्या घरात धूर येतच नाही. धूर जिथं येतो तिथल्या लोकांना आपण पत्रक देत नाही." त्या दिवशी तिनं पत्रकात पहिल्यांदाच चार ओळी अशा लिहिल्या की वीज कुठून येते, तिथं कोण राहतं. मी म्हटलं, याचा माल विकायला काय उपयोग? पण काढायला सांगितलं नाही. माझ्याच शब्दात मी अडकलो होतो.

एका गोष्टीचा मला फार राग यायचा. ती बोलायची फार सावकाश. छोटी छोटी वाक्यं. प्रत्येक शब्द सुटा, पूर्ण उच्चारलेला, जसा हॉटेलात पोऱ्या एकेक कप मोजून ठेवतो तसा. एके दिवशी साइटवर क्रेन अडकली होती, आठ माणसं खोळंबली होती आणि ही फोनवर मला बाराखडी वाचून दाखवल्यासारखी बोलत होती. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अगं, मी काय बहिरा आहे का?"

मग तशाच सावकाश आवाजात ती म्हणाली, "नाही सर. माझे बाबा आहेत."

तिचे बाबा एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबणारी मोठमोठी प्रेस मशीन, दिवसभर तो दणका. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही म्हणून कुणी घालायचं नाही. ती लहान असतानाच त्यांना कमी ऐकू येऊ लागलं आणि निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान गेले. टीव्ही त्यांना ऐकू येत नव्हता. तरी आवाज मोठा करून ठेवायचे, बाकीच्यांना वाटावं की घर नेहमीसारखं आहे. ते माणसाचे ओठ वाचायचे. घरात सगळ्यात जास्त तिच्याशी बोलायचे, आणि ती लहानपणापासून ओठांनी बोलायला शिकली होती.

मग हळूहळू तिनं एकेक गोष्ट सांगितली आणि मी साइटवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ऐकत राहिलो. लांब वाक्य झालं की बाबांचा धागा तुटतो. क्रियापद फार उशिरा आलं की ते चिडतात. काही अक्षरं ओठांवर वेगळी दिसतच नाहीत. "बाप, माप, पाप," ती म्हणाली, "आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. तिन्ही एकच दिसतात." मी गोडाउनमध्ये गाडीच्या आरशासमोर उभं राहून करून बघितलं. खरंच एकच दिसतात. आमचा फिटर मागून बघत होता. "शेठ, काय झालं? दात दुखतोय का?"

ती प्रत्येक मजकूर पाठवायच्या आधी बाबांसमोर बसून आवाज न काढता वाचायची. त्यांना एका दमात कळला तर पाठवायचा. जिथं ते ‘आँ?’ म्हणतील तिथला शब्द काढून दुसरा घालायचा. मी ज्याला तिची लिहिण्याची कला समजत होतो ती ही होती. पन्नास माणसांच्या जाहिरात कंपन्या जे करू शकत नाहीत ते थेरगावच्या एका खोलीत, टीव्हीच्या गोंगाटात, एक बहिरा माणूस करत होता आणि मी पगार एकाचाच देत होतो. हे कळल्यावर मी पगार वाढवायची गोष्ट काढली. ती म्हणाली, "नको सर. बाबांना कळलं तर ते प्रत्येक शब्दाला अडवतील."

चाकणकडच्या गावांसाठी तिनं जे पत्रक केलं ते पाहून मात्र मी कपाळावर हात मारला. मथळा होता: ‘सोलर काय करत नाही’. खाली लिहिलेलं: ढगात वीज कमी होते. धूळ बसली की कमी होते. लाइट गेली की साध्या जोडणीत सोलरही बंद पडतं. त्यानंतर, पान उलटल्यावर, सोलर काय करतं. मी म्हटलं, "पोरी, लग्नाचं स्थळ सांगताना मुलाची मूळव्याध आधी सांगतेस का?"

"नंतर कळली तर मुलगी परत येते," ती म्हणाली.

माझ्या चुलत्यांनी ते पत्रक वाचलं. त्यांची दोन्ही पोरं कंपनीत, जमीन थोडी राहिलेली, आणि माझ्यावर विश्वास असा काही नाहीच, कारण लहानपणी मी त्यांच्या विहिरीवरचा पाइप विकला होता. चष्मा लावून त्यांनी अख्खं पत्रक वाचलं. "ह्ये तू लिवलंस?"

"नाही, एक मुलगी आहे आमच्याकडं."

"तवाच. तू असं लिवणार न्हाईस. लाव आमच्या गच्चीवर."

त्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यातल्या गावांत मी जेवढं काम केलं तेवढं आधी कधी केलं नव्हतं. लोक पत्रक घडी करून खिशात ठेवायचे आणि मला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारायचे. उत्तरं मला तिच्या पत्रकातूनच शिकावी लागली.

आता पिंपळे सौदागर.

तिथली एक मोठी सोसायटी. बारा इमारती. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, या सगळ्याची वीज सोलरवर घ्यायची होती. चार महिने मी तिथल्या सेक्रेटरीच्या मागं होतो. आजवर मी बंगल्यांची आणि शेडची कामं करणारा. हे एक काम मिळालं तर त्यानंतर मला कुणी ‘तो चाकणचा वेल्डर’ म्हणणार नव्हतं. मी चार माणसं जादा घेऊन ठेवली होती. शेवटी दोनच जण उरलो, मी आणि बाणेरचा एक कॉलर कडक असलेला माणूस. रविवारी सभेत हात वर करून ठरणार होतं. आणि त्या कॉलरवाल्यानं बुधवारी सगळ्यांच्या मोबाइलवर पत्रक टाकलं: ‘सोसायटीचं वीजबिल शून्य.’

संघमित्रानं आमच्यासाठी लिहिलेलं तयार होतं. ‘बिल बरंच कमी होईल. शून्य होणार नाही. मीटरचा स्थिर आकार भरावाच लागतो. पावसाळ्यात वीज कमी तयार होईल.’

मी डिझाइनवाल्याच्या दुकानात गेलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि ‘बरंच कमी’च्या जागी ‘शून्य’ घालून घेतलं. पुढच्या तीन ओळी काढल्या. माझा नंबर, माझी कंपनी. गुरुवारी सकाळी सगळ्यांना पाठवून दिलं.

दहा वाजता तिचा फोन. एरवी ती चारच्या आधी करत नाही.

"सर, शब्द कुणी बदलला?"

"मी. दुकान माझं आहे."

"शब्द माझा होता. ठरलं होतं."

"त्यानं शून्य लिहिलंय! आपण बरंच कमी लिहून काय भजन करत बसायचं? लोकांना शून्य पाहिजे!"

"लोकांना पाहिजे ते मीटरला माहीत नसतं सर." मग तशीच सावकाश, "बारा वाजेपर्यंत तुम्ही दुरुस्ती पाठवा. नाहीतर मी पाठवते."

मी फोन आपटला. कंपनीच्या नंबरचं व्हॉट्सॲप तिच्या लॅपटॉपवर चालतं, हे रागात माझ्या ध्यानातच आलं नाही. बारा वाजून एक मिनिटानं मी मोबाइल उघडून बघितला. माझ्याच नंबरावरून सगळ्या सोसायटीला मेसेज गेला होता: ‘सकाळच्या पत्रकात आमची चूक झाली. बिल शून्य होणार नाही.’ खाली तिच्या तीन ओळी. खाली माझं नाव.

मी तिला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"मी येतच नाही सर. घरून काम आहे."

ती चेष्टा करत नव्हती. तिला वाटलं मी गोंधळलोय. मग म्हणाली, "पण रविवारी मी सभेला येते. आपल्या नंबरवरून दोन गोष्टी गेल्यात. लोक विचारतील."

रविवारी क्लबहाउसमध्ये दोनेकशे माणसं. मी पुढच्या रांगेत. कॉलरवाला लॅपटॉप घेऊन. सेक्रेटरीनं माझं नाव घेतलं आणि मागून एक जण उठला, "काय राव, सकाळी शून्य, दुपारी शून्य नाही. संध्याकाळचा भाव काय आहे?" सगळे हसले. मी उठून त्याला गावठी भाषेत उत्तर देणार, तेवढ्यात दारातून एक मुलगी आत आली. ठेंगणी, घट्ट वेणी, पाठीला कॉलेजची सॅक. तिच्यामागं पांढऱ्या मिशांचा, ताठ चालणारा एक म्हातारा. आवाज ऐकल्यावरच मला कळलं कोण ते. मी जिच्याशी आठ महिने भांडलो ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती.

तिनं बाबांना मधल्या रांगेत बसवलं, स्वतः समोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघूनच बोलायला लागली. माइक घेतलाच नाही. त्या हॉलमध्ये लोक मोबाइल बघत होते, पोरं पळत होती. दुसऱ्या वाक्याला सगळं थांबलं. मोठ्यानं बोलत होती म्हणून नव्हे. एवढं स्पष्ट बोलणं लोकांनी बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नव्हतं. मागच्या भिंतीला टेकून बसलेले, सभेत नेहमी डुलक्या काढणारे म्हातारे पुढं सरकून बसले.

"शून्य हा आमचा खोटा शब्द होता," ती म्हणाली.

तो मघाचाच माणूस म्हणाला, "कंपनीचा, की मालकाचा?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आमचा."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली. भाव पाडणारी, शब्द फिरवणारी, माझ्यासकट. ज्यानं आपल्याला तीन दिवसांपूर्वी शिव्या घातल्या, त्याच्या खोट्यात स्वतःचा वाटा घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तेही पगारासाठी नाही, कारण पगार मी बंद केला होता.

मग तिनं फळ्यावर त्यांचंच जुनं बिल लिहून दाखवलं: यातलं हे जाईल, हे राहील. कुणी तरी टाळ्याही वाजवल्या. आणि हात वर झाले, तेव्हा काम कॉलरवाल्याला गेलं. फार फरकानं नाही, पण गेलं. टाळ्या देणं वेगळं आणि शून्य सोडणं वेगळं.

बाहेर पार्किंगमध्ये तिचे बाबा माझ्याजवळ आले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती आहे ते कळत नाही, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "ऑर्डर गेली का शेठ?"

मी मान हलवली.

"हिच्यामुळं?"

मी परत मान हलवली.

"माझे दोन फ्रिज गेलेत हिच्यापायी! दुकानात उभं राहून वॉरंटीचा कागद वाचत बसती! मालक म्हणतो, काका, तुम्ही दुसरीकडं बघा!" आणि ते मनापासून हसले. ती बाजूला उभी राहून बसचा नंबर बघत होती.

सोमवारी चार वाजता तिचा मेसेज आला. ‘आजचा मजकूर पाहावा.’ मी तिला परत ठेवलं नाही, तिनं विचारलं नाही. मी फक्त ‘ठीक’ असं लिहिलं. परीक्षा होईपर्यंत तिनं काम केलं. मी पुन्हा कधी एका काना-मात्रेला हात लावला नाही. मग तिला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि तिनं काम सोडलं. माझ्याकडं तिनं एक वही ठेवली. कुठला शब्द कुठं वापरायचा आणि कुठला कुठंच वापरायचा नाही.

एक वर्षानं सेक्रेटरीचा फोन आला. मला वाटलं, काम आहे. तो म्हणाला, "तुमच्याकडची ती मुलगी भेटेल का हो? इथं मारामारी व्हायची वेळ आलीय." सोलर लागलं होतं. बिल खरंच पुष्कळ कमी झालं होतं. पण शून्य झालं नव्हतं, आणि लोक ‘फसवलं’ म्हणून सेक्रेटरीच्या दारात उभे होते. कॉलरवाला फोन उचलत नव्हता. "तिनं सांगितलं की लोकांना पटेल."

मी म्हटलं, ज्यानं माझी ऑर्डर नेली त्याची अब्रू माझ्या माणसानं झाकायची? मी त्याला नंबर दिला नाही. वर चार गोष्टी सुनावल्या. त्यानं तो दुसरीकडून मिळवला असणार, कारण आठवड्यानं मला कळलं की ती रविवारी तिथं येणार आहे. एक पैसा न घेता. मी गाडी काढली. तिला समोरासमोर विचारायचंच, असं ठरवून निघालो.

क्लबहाउसचं दार उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. समोर बिलांचे कागद हातात घेऊन माणसं रांगेनं उभी. ती एकेका बिलावर पेन्सिलीनं गोल करत होती, मान वर करून त्या माणसाच्या तोंडाकडे बघून सांगत होती, तो ‘हां, हां’ करत बाजूला होत होता. ज्या आवाजात ते भांडणार होते तो आवाज कुठंच नव्हता.

एका आजीबाईंनी कागद पुढं केला. समजून घेतला. मग विचारलं, "तू त्या सोलरवाल्यांकडची का गं?"

"नाही आजी. हे काम ज्यांना मिळालं नाही, त्यांच्याकडची."

"अगं बाई! मग तुझं काय अडलंय इथं?"

तिनं थोडा विचार केला. काम सोडून तिला वर्ष झालं होतं. ‘माझं काही नाही’ असं ती म्हणू शकली असती आणि ते खरंही होतं.

"एक दिवस आम्हीही तुम्हाला शून्य सांगितलं होतं," ती म्हणाली. "सकाळपासून बारा वाजेपर्यंत."

आजीबाईंना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. मला कळलं. मी चपला काढल्या नव्हत्या. तसाच दारात उभा होतो. भांडण जिभेवर तयार होतं, शब्दांसकट. ती पुढच्या माणसाकडं वळली आणि म्हणाली, "हं. तुमचं दाखवा."